सव्वापट बाळ

टॉवरने आयुष्यात काय काय उचललं नव्हतं? लोखंडी तुळया उचलल्या होत्या, काँक्रीटने भरलेल्या बादल्या उचलल्या होत्या, एका बँकेची तिजोरी बँकवाल्यांसमोर आणि त्यांच्या परवानगीने उचलली होती. एकदा तर बिल्डरसाहेबांच्या हट्टापायी पियानो गच्चीवर नेऊन ठेवला होता, आणि साहेबांना तो वाजवता येत नाही हे साहेबांच्याच लक्षात आल्यावर परत खालीही आणला होता. कशाला कधी साधा पोचा आला नाही. उचलायचं राहिलं होतं ते फक्त बाळ.

टॉवर हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. तो टॉवर क्रेन चालवायचा आणि स्वतःही तसाच होता: उंच, काटकुळा, वरून जरासा पुढे झुकलेला. त्यामुळे साइटवर सगळे त्याला टॉवर म्हणायचे. घरी बायको 'अहो' म्हणायची, आणि रागावली की तीही 'टॉवर' म्हणायची.

बाळ न उचलण्यामागे कसलंही तत्त्व नव्हतं. निव्वळ टरकायचा. स्वतःची लेक झाली तेव्हा तो हॉस्पिटलात हात खिशात घालून गेला आणि हात खिशात ठेवूनच परत आला. त्या काळातल्या प्रत्येक फोटोत तो मागे उभा आहे, हात पाठीशी, नुकताच कुणीतरी पकडून आणल्यासारखा. पुढे लेक रांगायला लागली, उभी राहिली आणि एक दिवस त्याच्या पँटला धरून स्वतःच वर चढली. प्रश्न मिटला. खरं तर तिनेच त्याला उचललं असं म्हणायला हवं.

आता ती लेक आई होणार होती. रविवारी सगळे चहाला बसले असताना तिने पोटावर कप ठेवून जाहीर केलं, "बाळ झालं की माझ्यानंतर पहिल्यांदा बाबाच्या हातात द्यायचं. ठरलं."

टॉवरचा चहा भलत्याच नळीत गेला.

समोर व्याही बसले होते. व्याही बेकरीवाले. अंगाने गोल, बोलायला गोड, आणि हात कायम गरम. पाच नातवंडं अंगाखांद्यावर खेळवलेला माणूस. ते लगेच पुढे सरकले.

"सूनबाई, टॉवरसाहेबांना कशाला उगाच त्रास? माझ्या हातात दे. माझ्या हातात आलं की बाळ पाच मिनिटांत गाढ. एकदम ट्रेमध्ये ठेवल्यासारखं."

"आणि पाच मिनिटांनी काय, उलटवायचं?" टॉवरच्या बायकोने विचारलं.

"विहीणबाई, हसा तुम्ही. पण यांच्या हातात बाळ गेलं तर आपल्याला खाली जाळी धरून उभं राहावं लागेल."

लेक हसली नाही. तिने वडिलांकडे बघितलं. "बाबा, मला कधी घेतलं नाहीस, ते सोड. याला घे. नसेल जमणार तर आत्ताच सांग, मी पप्पांना देईन." तिने सासऱ्यांकडे मान वळवली.

"जमेल," टॉवर म्हणाला.

क्रेनच्या केबिनमध्ये बसून हा शब्द त्याने कधी विचार केल्याशिवाय उच्चारला नव्हता. घरात बसून मात्र उच्चारून टाकला.

सराव लगोलग सुरू झाला. आधी पिठाची पिशवी घेतली. पिशवी फुटली आणि टॉवर पांढरा झाला. मग कलिंगड घेतलं. कलिंगड दोन दिवस व्यवस्थित सांभाळलं, पण समाधान होईना.

"याला मानच नाही," तो बायकोला म्हणाला.

"कलिंगडाला मान कशाला हवी?"

"मान हाच तर सगळा घोळ आहे! बाळाचं अंग एकीकडे जातं आणि मान एकीकडे. कलिंगड एकाच दिशेने जातं."

बायकोने सुरी आणली आणि कलिंगडाचा प्रश्न तिच्या पद्धतीने सोडवला.

तोडगा निघाला साइटवर. सेफ्टीबाई, म्हणजे साइटवर हेल्मेट आणि पट्टे तपासणाऱ्या बाई, सगळं ऐकून म्हणाल्या, "टॉवर, खऱ्या बाळासारख्या बाहुल्या बनवणारी एक मुलगी आहे. माझ्या बहिणीने घेतलीय. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हळू आवाजात बोलत होते, उठू नये म्हणून."

टॉवर त्याच संध्याकाळी गेला. टायरच्या दुकानावर एक खोली होती. जिना चढून तो आत डोकावला आणि तिथेच थबकला. टेबलावरच्या ट्रेमध्ये ओळीने डोकी मांडलेली होती. भिंतीला दोरी, दोरीला चिमट्यांनी अडकवलेले इवलेसे हातपाय. एका बरणीत डोळे. आणि मधोमध कपाळावर भिंग चढवलेली, गालाला गुलाबी रंग लागलेली एक तरुण पोरगी कुणाच्या तरी टाळूत सुई खुपसत होती.

"बसा काका," ती मान वर न करता म्हणाली. "त्या खुर्चीवर नको, तिथे जुळी आहेत."

इतक्यात ओव्हनची घंटी वाजली. बाहुलीवालीने हातमोजे चढवले, दार उघडलं, एक डोकं बाहेर काढून गालाकडे निरखून बघितलं, "अजून थोडं होऊ दे," म्हणाली आणि परत आत सरकवलं. टॉवरला व्याह्यांची बेकरी आठवली. पुढचा विचार त्याने तिथेच दाबून टाकला.

"व्हिनाइलचं आहे," ती म्हणाली. "रंगाचा एक थर दिला की भाजायचा, पुन्हा थर, पुन्हा भाजायचा. असे पंधरा-वीस थर झाले की कातडी कातडीसारखी दिसते. तुम्हाला व्हिनाइल हवंय की सिलिकॉन?"

"फरक काय?"

तिने एक सिलिकॉनचा पाय त्याच्या हातात ठेवला. टॉवरने तो दाबला. पाय दबला. बोट काढलं, पाय परत फुगला. तळव्याला सुरकुत्या होत्या, निळसर शिरा होत्या, करंगळीचं नख दाण्याएवढंही नव्हतं. टॉवरचे डोळे लकाकले.

"हे! हेच हवंय!"

"नखरेल असतं हं ते. सांभाळावं लागतं."

"सांभाळू की! मी तुळया सांभाळतो."

मग सुरू झाल्या फर्माइशी, आणि भीतीची जागा बघता बघता उत्साहाने घेतली. डोळे उघडे की मिटलेले? मिटलेले, उघडे असले तर माझ्याकडे बघेल. केस किती? विरळ, पण मागे थोडे जास्त. गालावर पुरळ हवं? द्या थोडं, नव्या बाळाला असतं. कान कसे?

"माझ्यासारखे," टॉवर म्हणाला, आणि त्याने टोपी काढली. कान दोन्ही बाजूंना उघड्या दारांसारखे उभे होते.

"बापरे," बाहुलीवाली आनंदाने म्हणाली. "असे कधी केले नाहीत. आणि नाक?"

"नाक बायकोचं. लहान करून."

त्याने बायकोला फोन करून नाकाचा फोटो मागितला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने कारणं विचारायचं सोडून दिलं होतं. तिने समोरून एक आणि बाजूने एक असे दोन पाठवले.

"चेहऱ्याचं अजून काही?"

"फक्त आमच्या व्याह्यांसारखा दिसायला नको."

"वजन? डोकं आणि हातपाय सिलिकॉनचे असतात, मधलं धड कापडाचं. त्यात काचेचे बारीक मणी भरून हवं तेवढं वजन करता येतं."

टॉवर खुर्चीत ताठ बसला. आता त्याच्या प्रांतातला प्रश्न आला होता.

"माझी लेक झाली तेव्हा तीन किलोची होती."

"म्हणजे तीन."

"नाही. सव्वापट."

"का?"

"नवी क्रेन उभी केली की तिला आधी टेस्ट लोड देतात. उचलायचं असतं त्याच्या सव्वापट. तेवढं पेललं की मग खरं वजन म्हणजे किरकोळ."

बाहुलीवालीकडे लोकांनी आजवर गालाला खळी मागितली होती, हनुवटीवर तीळ मागितला होता, एका बाईंनी तर सासूची नजर चुकवून सासूचीच जिवणी मागितली होती. टेस्ट लोड पहिल्यांदाच कुणी मागत होतं.

"पावणेचार," ती म्हणाली. "चांगलं गुटगुटीत करते."

"गुटगुटीत नको! दिसायला तीनचं, भरायला पावणेचारचं. आणि मान जितकी सैल होईल तितकी."

बाहुली तयार झाली तेव्हा टॉवर रजा टाकून आणायला गेला. बाहुलीवालीने ती त्याच्या हातात दिली, आणि त्याचं कोपर कुठे हवं, पंजा कुठे हवा, छातीशी किती हवं, सगळं दोनदा दाखवलं. मग सूचना. दंड धरून उचलायचं नाही. गडद कपडे घालायचे नाहीत, रंग अंगात उतरतो आणि जात नाही. वर्तमानपत्रावर झोपवायचं नाही, बातम्या पाठीवर उमटतात. उन्हात ठेवायचं नाही. कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायचं, घासायचं नाही, टिपायचं आणि मग पावडर लावायची, नाहीतर घरातली सगळी धूळ आणि बायकोचे सगळे केस याच्याच अंगाला.

"आणि दूध?" टॉवरने विचारलं.

"काका, बाहुली आहे."

"ते माहीत आहे. तरी विचारून ठेवलेलं बरं."

नाव आपोआपच पडलं: टेस्ट्या.

घरी आल्यावर टॉवरने दुपटं बाजूला केलं. बायकोने वाकून बघितलं. मग चष्मा लावून बघितलं.

"हे माझं नाक आहे."

"हो."

"आणि हे तुमचे कान."

"हो."

"अहो," बायको खुर्चीत बसत म्हणाली, "हे आपण केव्हा केलं?"

पहिले दोन दिवस ती टेस्ट्याला 'तुमचं ते' म्हणत होती. तिसऱ्या दिवशी तिने कपाटातली गडद निळी चादर काढून ठेवली आणि फिकट पिवळी अंथरली. चौथ्या दिवशी टॉवरने पावडर जरा जास्त लावली म्हणून त्याला झापलं. "अहो, भजी तळताय का? नाकात गेली पोराच्या!"

टॉवर मात्र झपाटला होता. सकाळी उठून उजवा हात, कामावरून आल्यावर डावा हात. पाळण्यातून वर, खांद्यावर, खांद्यावरून कुशीत, कुशीतून परत पाळण्यात. पहिल्यांदा मान लुढकली तेव्हा त्याने सॉरी म्हटलं. नंतर लुढकेनाशी झाली. हाताला वजनाची अशी सवय लागली की टेस्ट्या नसतानाही त्याचं कोपर वाकलेलंच राहायचं. बसमध्ये त्याला दोनदा जागा मिळाली, आणि देणारे दोघंही त्याच्या रिकाम्या कुशीकडे बघून गोंधळले.

साइटवरही सराव हवाच. गेटवर सेफ्टीबाईंनी अडवलं.

"हेल्मेटशिवाय आत कुणाला सोडता येत नाही."

"बाई, बाहुली आहे. तुम्हीच पत्ता दिलात."

"बाहुली म्हणजे काय धरायचं, माणूस की सामान?"

टॉवरने विचार केला. "सामान."

"केबिनमध्ये सामान न्यायला बंदी आहे."

"मग माणूस."

"मग हेल्मेट."

शेवटी अर्धा कापलेला प्लास्टिकचा चेंडू टेस्ट्याच्या डोक्यावर चढला आणि त्यावर सेफ्टीबाईंनी स्वतः साइटचा स्टिकर लावला. बुटांचाही मुद्दा निघाला होता, पण हा चालत नाही हे लक्षात आल्यावर ती अट शिथिल झाली.

जेवणाच्या सुट्टीत गवंडी, फिटर, वेल्डर, सगळे जमले. जो तो हात धुऊन रांगेत. "अरे कोपर, कोपर वर घे!" "मान! मान सांभाळ!" चार पोरांचा बाप असलेला एक वेल्डर टेस्ट्याला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत किती तरी वेळ उभा राहिला.

"दे ना आता," मागचा म्हणाला.

"ढेकर काढत नाहीये हा," वेल्डर काळजीने म्हणाला. "याला डॉक्टरला दाखवा."

महिना संपता संपता टॉवर असा तयार झाला की त्याने स्वतःच व्याह्यांना आणि लेकीला चहाला बोलावलं. व्याही आले, टेस्ट्याकडे बघून पोट धरधरून हसले.

"या खेळण्यावर शिकणार तुम्ही? अहो, हाताला उपजत समज लागते!" असं म्हणत त्यांनी टेस्ट्याला एका हाताने उचललं, ट्रेवरून पाव उचलावा तसं.

टेस्ट्या दिसायला तीन किलोचा होता. व्याह्यांचा हात त्या हिशेबाने वर निघाला आणि अर्ध्यात अडकला. टेस्ट्याचं डोकं मात्र थांबलं नाही. ते मागे गेलं, मनगटावरून उलटं लोंबलं आणि तिथून मिटल्या डोळ्यांनी व्याह्यांकडे बघत राहिलं. व्याह्यांनी अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन विचारलं, सगळे ठीक ना.

टॉवरने शांतपणे एक हात मानेखाली, एक हात कमरेखाली सरकवला आणि टेस्ट्याला कुशीत घेतलं. लेक टाळ्या पिटत उठायला गेली, पण पोटामुळे तिला उठता येईना, म्हणून तिने बसूनच पाय आपटले. "बाबा! अरे काय मस्त धरतोस तू! मी उगाच घाबरत होते!"

टॉवर त्या रात्री छाती काढून झोपला.

आणि मग नात झाली! फोन आला तेव्हा टॉवर केबिनमध्ये होता. हूकवरचा लोड त्याने नेहमीच्या काळजीने खाली टेकवला, आणि मग शिडी उतरताना वॉकीटॉकीवर अख्ख्या साइटला ओरडून सांगितलं, "नात! मला नात झाली!" खालून हातोड्यांनी लोखंड बडवून उत्तर आलं.

हॉस्पिटलच्या खोलीत सगळे जमले होते. जावई फोनचा कॅमेरा सुरू करून उभा. व्याही कोपऱ्यात, हात चोळून गरम करत, न जाणो. लेक उशीला टेकून बसलेली, थकलेली आणि भलतीच खूश. नर्सने दुपट्यातली गुंडाळी उचलली.

"आधी बाबाकडे," लेक म्हणाली.

टॉवर पुढे झाला. कोपर वाकलेलं, पंजा उघडा, श्वास रोखलेला. सगळं जसंच्या तसं. नर्सने बाळ त्याच्या हातांवर ठेवलं.

आणि हात वर गेले.

नात अडीच किलोची होती. टॉवरचे हात पावणेचारचे झाले होते. ते सवयीने जोर लावून वर निघाले, आणि अडवायला वजनच नसल्यामुळे निघतच राहिले. नात त्याच्या हनुवटीसमोरून गेली, नाकासमोरून गेली आणि कपाळाच्या उंचीवर जाऊन थांबली. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम 'अगंऽऽ' केलं. मान नीट होती, पकड नीट होती, फक्त बाळ टॉवरच्या डोक्याच्या वर होतं.

"घ्या," टॉवर कुजबुजला. "घ्या हिला. हे रिकामं आहे."

"काय रिकामं आहे?" नर्सने नात खाली उतरवून घेत विचारलं.

"हातात काही लागतच नाही! जे लागत नाही ते मी धरू कसं?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हात पाठीमागे गेले, थेट जुन्या फोटोंतल्या जागी.

"द्या इकडे," व्याही म्हणाले. या वेळी चिडवून नाही, हळूच म्हणाले. तेच जास्त लागलं.

लेकीने ओठ आवळले. "पप्पा, थांबा जरा. सिस्टर, आता काय आहे हिचं?"

"तपासायला न्यायचंय. मग दूध. तासाभरात आणते परत."

"तासाभरात," लेक टॉवरला म्हणाली. "बाबा, तेवढ्यात जमव. नाहीतर मी पप्पांना देणार. ती काही तुझ्यासाठी वजन वाढवून येणार नाहीये."

टॉवर बाहेर धावला आणि त्याने बाहुलीवालीला फोन लावला. "पोरी, इमर्जन्सी आहे! वजन कमी करायचंय!"

"कुणाचं?"

"टेस्ट्याचं! आत्ताच्या आत्ता! पण तो घरी आहे, मी धावत जाऊन—"

"घरी कुठे?" मागून बायको म्हणाली, आणि तिने खांद्यावरच्या पिशवीतून टेस्ट्याला बाहेर काढलं. टॉवर बघतच राहिला. बायकोने नजर चुकवली. "एकटा कसा ठेवायचा? आज घरात एवढी आनंदाची गोष्ट."

बाहुलीवाली स्कूटरवरून आली ती गालाला निळा रंग घेऊनच. वेटिंग रूममधल्या बाकावर तिने टेस्ट्याला पालथं घातलं, झबलं वर केलं, पाठीची चेन सर्रकन उघडली आणि आत हात घातला.

समोरच्या बाकावरच्या आजोबांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. दाराशी उभा असलेला रखवालदार दोन पावलं पुढे आला, चार पावलं मागे गेला आणि भिंतीला धरून खाली बसला. "काही नाही, काही नाही," टॉवरची बायको सगळ्यांना समजावत होती, "आमचाच आहे. जास्त भरलाय."

मण्यांची पिशवी निघाली. आता मणी ओतायचे कशात? टॉवर इकडेतिकडे बघतोय तोच व्याह्यांनी खिशातला भला मोठा रुमाल काढून ओंजळीवर पसरला.

"ओता यात. किती काढायचेत?"

"सव्वा किलो," टॉवर म्हणाला.

व्याह्यांनी रुमाल तोलला. "अजून. अजून ओत गं. मैदा असता तर नजरेने सांगितलं असतं, काच पहिल्यांदाच तोलतोय. अजून... थांब! नाही, चिमूटभर परत टाक." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आपण कुणाच्या बाजूने आहोत हे ते साफ विसरले होते. "वजनकाटा हवा! सिस्टर! ओ सिस्टर, काटा देता का?"

नर्सने टेस्ट्याकडे बघितलं, उघड्या पाठीकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं. मग बाळांचा काटा सरकवला. टेस्ट्या आपले भले थोरले कान पसरून काट्यात पहुडला. अडीच किलो, वर थोडं. बाहुलीवालीने अजून मूठभर काढले. बरोबर अडीच! व्याही आनंदाने ओरडले, आणि त्यांच्या रुमालातले निम्मे मणी टणटणत अख्ख्या वेटिंग रूमभर पसरले.

चेन लागली. टॉवरने टेस्ट्याला उचललं. हात उडाले. परत. हात थोडे कमी उडाले. परत. व्याही समोर उकिडवे बसून सांगत होते, "हलकं घ्या, हलकं! गरम लादीपाव समजा! दाबलात की बसला!" परत. परत. शेवटी हात उडायचे थांबले. टेस्ट्या छातीशी आला, तिथेच राहिला आणि टॉवरला त्याचं वजन लागलं. थोडंसं, पण लागलं.

"आली, आली!" बायको दारातून ओरडली.

सगळे खोलीत धावले. नर्सने नात पुढे केली. टॉवरने घेतली. नात छातीशी आली आणि तिथेच राहिली.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. जावई कॅमेरा सुरू करायला विसरला. टॉवर खाली बघत होता. नाक तिचं स्वतःचंच होतं, कुणाचंच घेतलेलं नव्हतं. कान बारीक, चिकटलेले. याची कुणी ऑर्डर दिली नव्हती.

तेवढ्यात नातीने एक पाय झाडला.

"हलतंय!" टॉवर दचकून म्हणाला.

"हलणारच, अहो!"

"टेस्ट्या कधी हलला नाही!"

नातीने दुसरा पाय झाडला, तोंड वाकडं केलं आणि रडायचा पवित्रा घेतला. पण हूकवरचं सामान वाऱ्याने झुलायला लागलं तर ते खेचून थांबवायचं नसतं, ज्या बाजूला झुलेल त्या बाजूला आपण जायचं असतं. टॉवर डावीकडे गेला. नात उजवीकडे वळली, टॉवर उजवीकडे गेला. असं दोनतीनदा झालं. मग नातीने मोठ्ठी जांभई दिली आणि त्याच्या शर्टाला गाल लावून झोपली.

"बाबा," लेक हसतरडत म्हणाली, "घेतलंस रे!"

"हो," टॉवर म्हणाला. त्याचा आवाज फार वरून आला, सगळ्यात उंच मजल्यावरून.

"आता बसा की," बायको म्हणाली. "मागे खुर्ची आहे."

टॉवर हलला नाही.

"अहो, बसा."

"बसायचं कसं?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. सराव सगळा उभ्याने झाला होता. बसायचं असलं की तो टेस्ट्याला आधी पाळण्यात ठेवायचा आणि मग स्वतः बसायचा. बाळासकट खाली येण्याचा प्रसंग आलाच नव्हता.

"खुर्ची मागे आहे," टॉवर ओठही न हलवता म्हणाला. "मला दिसत नाही. दिसत नाही तिथे मी लोड उतरवत नाही. बघून सांगणारा कुणीतरी लागतो."

"दे ना मग इकडे," लेक म्हणाली.

"नाही," टॉवर म्हणाला. इतका ठाम तो आयुष्यात कधी नव्हता.

व्याही पुढे झाले. त्यांनी बाह्या सरसावल्या, खुर्चीच्या बाजूला वाकून उभे राहिले आणि दोन्ही हात हवेत धरले.

"मी सांगतो. मागे या. अजून. अजून एक पाऊल. बस! लागली का पायाला?"

"लागली."

"आता खाली. हळू. हळू हो... उजवीकडे जातंय तुमचं, डावीकडे घ्या. हां. खाली... खाली... अजून हातभर... आता वीतभर..."

जावयाने श्वास रोखून धरला होता. लेक पोट धरून म्हणत होती, "हसवू नका, टाके दुखतायत." दारात नर्स उभी होती, तिच्यामागे रखवालदार, त्याच्यामागे चहात बिस्किट पडलेले आजोबा.

"...चार बोटं... दोन बोटं... आणि टेकलं!"

खोलीतून सुस्कारा उठला. नात हललीसुद्धा नाही. व्याह्यांनी कपाळ पुसलं, पाठ सरळ केली आणि हात पुढे केले.

"चला. आता माझी पाळी."

"व्याही," टॉवर नातीवरची नजर न काढता म्हणाला, "आत्ताशी तर उतरलोय."

व्याह्यांनी वाद घातला नाही. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, टॉवरच्या अगदी शेजारी लावलं, आणि हात मांडीवर उघडे ठेवून, गरम करत, वाट बघत बसले.